सत्यम प्रकरण: राजूंच्या पत्राआधी काय दिसत होतं?

हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ७ जानेवारी २००९ च्या पत्रापासून, म्हणजे अध्यक्ष रामलिंग राजूंनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली तिथून, सुरुवात करतात. गुंतवणूकदाराला त्या पत्राचा काही उपयोग नाही. ते बाजारात पोचलं त्याच दिवशी १७९ रुपयांच्या आसपासचा शेअर ४० च्या घरात आला. पत्र वाचून ज्याने निर्णय घेतला, त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. म्हणून इथे हिशेब उलटा मांडतो. घोटाळा माहीत नाही असं धरायचं, तेव्हा जाहीर असलेली कागदपत्रं आणि बातम्या तेवढ्या समोर ठेवायच्या आणि विचारायचं, की या माणसांच्या हाती आपले पैसे द्यावेत असं वाटलं असतं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. घोटाळा बाहेरून पकडता आला नसता, निदान तुमच्या-माझ्यासारख्याला तरी नाही. पण पैसे द्यायचे नाहीत एवढं ठरवायला घोटाळा पकडण्याची गरजच नव्हती.

दर्शनी बाजू

सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस १९८७ साली हैदराबादेत सुरू झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात तिची नोंदणी झाली. २००८ पर्यंत पन्नास हजारांवर कर्मचारी आणि वर्षाला दोन अब्ज डॉलरच्या पुढे उत्पन्न. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांच्यानंतर देशात चौथं नाव सत्यमचं घेतलं जायचं. फुटबॉल विश्वचषकाच्या प्रायोजकांतही ती होती. अध्यक्ष बी. रामलिंग राजू मितभाषी. आंध्रातली १०८ रुग्णवाहिका सेवा सुरू करणारे, ग्रामविकासासाठी प्रतिष्ठान चालवणारे. धाकटे बंधू बी. रामा राजू व्यवस्थापकीय संचालक.

संचालक मंडळात नऊ जण होते आणि नावं अशी की वार्षिक अहवाल उघडताच छाती दडपावी: हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, पेंटियम चिपशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते विनोद धाम, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता एम. राममोहन राव, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद, दिल्ली आयआयटीचे माजी संचालक व्ही. एस. राजू. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कंपनी कारभारासाठीचा 'गोल्डन पीकॉक' पुरस्कारही मिळाला. पुढे तो काढून घेतला गेला ती गोष्ट वेगळी.

पुरस्कारांना मी शून्य गुण देतो. उणेही नाही, शून्य. बऱ्याच पुरस्कारांसाठी अर्ज कंपनीच करते आणि परीक्षकांसमोर कंपनीनेच दिलेली माहिती असते. मोठ्या नावांच्या संचालकांबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण तिथे अभ्यासू गुंतवणूकदारही फसतो. हार्वर्डचा प्राध्यापक आहे म्हणजे लक्ष असेलच, असा आपला समज. पण संचालकाची विद्वत्ता आणि संचालकाची टाच रोवून उभं राहण्याची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने मंडळात कधी विरोध केला का, प्रवर्तकाला, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्याला, एखादी गोष्ट मागे घ्यायला लावली का, याची नोंद बाहेर क्वचितच येते. पालेपूंना कंपनीकडून सल्लागार म्हणूनही मोबदला मिळत होता. हे लपवलेलं नव्हतं, वार्षिक अहवालात छापलेलं होतं. बेकायदेशीरही नव्हतं. पण नऊ जणांत राजू बंधू दोन, कंपनीचे पगारी संचालक राम मैनामपती तिसरे आणि सल्ल्याचे पैसे घेणारे पालेपू चौथे, अशी मोजणी केली की 'भारदस्त मंडळ' जरा हलकं वाटू लागतं.

हिस्सा

आता खरी दखल घेण्यासारखी बाब. मार्च २००१ मध्ये प्रवर्तकांचा हिस्सा २५ टक्क्यांच्या थोडा वर होता. मार्च २००५ पर्यंत तो पंधरा-सोळा टक्क्यांवर आला आणि मार्च २००८ मध्ये ८.७४ टक्के उरला. हे आकडे दर तिमाहीला शेअर बाजारांकडे जात होते. कुणालाही पाहता येत होते.

प्रवर्तकाने शेअर विकणं हा गुन्हा नाही. मुलांची शिक्षणं, घरं, दानधर्म, कारणं हजार असतात. इन्फोसिसच्या संस्थापकांचाही वैयक्तिक हिस्सा फार मोठा नव्हता. त्यामुळे 'हिस्सा घटला, पळा' असा नियम करून चालत नाही. पुढचा प्रश्न विचारावा लागतो: तो पैसा आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुटुंबाचं लक्ष, कुठे चाललंय? एकीकडे अध्यक्ष म्हणतात की कंपनीचं भविष्य उज्ज्वल आहे, दुसरीकडे दरवर्षी त्यांची मालकी पातळ होते. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, पण त्याचं पटेल असं उत्तर अहवालात कुठेतरी सापडलं पाहिजे. सत्यमच्या बाबतीत ते सापडत नव्हतं.

उरलेल्या हिश्शातलाही मोठा भाग गहाण पडलेला होता. ते मात्र बाहेर कळायची सोय नव्हती, कारण तेव्हा शेअर गहाण ठेवल्याचं जाहीर करण्याची सक्ती नव्हती. ती शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जानेवारी २००९ मध्ये, या प्रकरणानंतर लगेच आणली. आज कुठल्याही कंपनीचा भागधारणेचा तक्ता उघडला की गहाण शेअरांचा रकाना दिसतो, तो सत्यमच्या भागधारकांच्या पैशांतून आलाय असं म्हणायला हरकत नाही.

उलटं लिहिलेलं नाव

पाणी कुठे मुरत होतं याचा अंदाज एका नावावरून यायचा. 'सत्यम' इंग्रजीत उलटं लिहिलं की 'मेटास' होतं. मेटास इन्फ्रा आणि मेटास प्रॉपर्टीज या दोन कंपन्या राजूंच्या मुलांच्या कारभाराखाली होत्या. पहिली बांधकाम आणि पायाभूत प्रकल्पांची, दुसरी जमीनजुमल्याची. मेटास इन्फ्रा २००७ मध्ये शेअर बाजारात आली होती, म्हणजे तिचे कागदही खुले होते.

२००८ च्या उन्हाळ्यानंतर हैदराबाद मेट्रोचं काम मेटासच्या गटाला मिळालं. असे प्रकल्प परवडावेत म्हणून सरकार सहसा अनुदान देतं. मेटासने अनुदान मागितलं नाहीच, उलट सरकारलाच ३०,३११ कोटी रुपये देऊ केले. दिल्ली मेट्रो उभी करणारे ई. श्रीधरन यांनी सप्टेंबर २००८ मध्ये नियोजन आयोगाला पत्र लिहून या व्यवहारावर सडकून टीका केली. त्यांचं म्हणणं सोपं होतं: तिकिटांतून एवढे पैसे निघत नाहीत, म्हणजे डोळा मार्गालगतच्या जमिनींवर आहे. पत्र वर्तमानपत्रांत आलं. आंध्र सरकारने त्यांनाच धारेवर धरलं.

सत्यमच्या भागधारकाचा यात काय संबंध, असं तेव्हा कुणीही म्हटलं असतं. सॉफ्टवेअर कंपनी वेगळी, मुलांचा धंदा वेगळा. पण ज्या घराचं सत्यममधलं भांडवल ८.७४ टक्क्यांवर आलंय आणि दुसऱ्या धंद्यात ते हजारो कोटींचे शब्द देऊन बसलंय, त्या घराचा जीव कुठल्या कंपनीत अडकला असेल? नेतृत्वाचा दर्जा जोखताना मी पहिलं हे पाहतो: कारभाऱ्याचा स्वतःचा फायदा आणि भागधारकांचा फायदा वेगवेगळ्या दिशांना जाऊ लागलेत का. गेले असतील, तर त्याच्या चारित्र्याबद्दल कितीही चांगलं ऐकलं असलं तरी तो एक ना एक दिवस पेचात सापडणार. आणि पेचात माणूस काय करील याची हमी त्याची त्याला देता येत नाही.

१६ डिसेंबर

तो दिवस लवकरच आला. १६ डिसेंबर २००८ ला सत्यमच्या संचालक मंडळाची बैठक झाली. काही सदस्य फोनवरून हजर होते. ठराव असा: मेटास प्रॉपर्टीज पूर्ण विकत घ्यायची, १.३ अब्ज डॉलरला, आणि मेटास इन्फ्राचा ५१ टक्के हिस्सा ३० कोटी डॉलरला. मिळून १.६ अब्ज डॉलर, तेव्हाच्या दराने साडेसात हजार कोटी रुपयांच्या वर. सत्यमकडे कागदोपत्री जी रोकड होती ती जवळपास सगळी यात जाणार आणि वर कर्ज काढावं लागणार. भागधारकांचं मत घेण्याचा प्रश्नच नव्हता, मंडळाच्या मंजुरीवर काम भागवलं होतं. आणि मंजुरी एकमताने मिळाली.

सोसायटीच्या सेक्रेटरीने दुरुस्ती निधीतून आपल्याच मुलाचा बंद पडलेला गाळा विकत घ्यावा आणि सभेला 'यातून सोसायटीला विविध उत्पन्नं मिळतील' म्हणून सांगावं, तसला हा प्रकार. कारणही तसंच दिलं होतं: सॉफ्टवेअरमधली जोखीम कमी व्हावी म्हणून दुसऱ्या क्षेत्रात विस्तार. जगभर घरबांधणीचा धंदा कोसळत होता आणि अमेरिकेची लेहमन ब्रदर्स बँक बुडून जेमतेम तीन महिने झाले होते, त्या डिसेंबरात.

त्या संध्याकाळी गुंतवणूकदारांशी झालेल्या फोनवरच्या चर्चेत मोठ्या फंडांच्या व्यवस्थापकांनी राजूंना फैलावर घेतलं. न्यूयॉर्कमध्ये सत्यमची डिपॉझिटरी रिसीट, म्हणजे तिथे शेअरच्या जागी विकली जाणारी पावती, एका सत्रात पन्नास टक्क्यांहून जास्त घसरली. काही तासांत राजूंनी व्यवहार मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मुंबईत शेअर तीस टक्के पडून १५८ ला बंद झाला.

इथे बरेच जण चुकले ते असे. व्यवहार मागे घेतला ना, मग प्रश्न मिटला. बाजाराने दट्ट्या दिला आणि कंपनीने ऐकलं. म्हणजे व्यवस्था काम करते. मला हे कधीच पटलं नाही. घरात शिरलेला माणूस कुत्रा भुंकला म्हणून परत गेला, तर आपण कुत्र्याचं कौतुक करतो, त्या माणसाला दिवाणखान्यात बसवत नाही. व्यवहार रद्द झाल्याने पैसे वाचले. तो मांडणाऱ्याबद्दल आणि त्याला एकमताने होकार देणाऱ्यांबद्दल जे कळायचं ते मात्र कळलं होतं. प्रकरणातलं सर्वांत स्पष्ट उत्तर गुंतवणूकदाराला त्या रात्री मिळालं होतं. त्यासाठी ताळेबंदातली एक ओळही वाचायला लागत नव्हती.

मधले तीन आठवडे

२३ डिसेंबरला जागतिक बँकेने दुजोरा दिला की बँकेच्या कर्मचाऱ्यांना अनुचित लाभ दिल्याबद्दल आणि उपकंत्राटदारांच्या शुल्काची कागदपत्रं न ठेवल्याबद्दल सत्यमला आठ वर्षांसाठी काळ्या यादीत टाकलं आहे. बातमी ऑक्टोबरपासून फिरत होती. मग मंगलम श्रीनिवासन यांनी राजीनामा दिला; १९९१ पासून त्या मंडळावर होत्या. पाठोपाठ पालेपू, धाम आणि राममोहन राव गेले.

आणि तरीही ६ जानेवारीला शेअर १७९ च्या आसपास होता, म्हणजे १७ डिसेंबरच्या बंद भावापेक्षा वर. लोक विकत घेत होते. कशाच्या जोरावर? कंपनी स्वतःचे शेअर परत विकत घेणार अशी चर्चा होती आणि त्यासाठीची बैठक १० जानेवारीवर ढकलली होती. कुणीतरी मोठी कंपनी सत्यम ताब्यात घेईल अशीही कुजबुज होती. हिशेब सगळे करत होते: हातात पाच हजार कोटींची रोकड, ग्राहक जगातले नामांकित, भाव इतका खाली, तोटा होईल कसा? 'स्वस्त आहे' या एका शब्दाने कारभाऱ्याबद्दलची शंका किती सहज गिळली जाते याचं इतकं धडधडीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही. स्वस्ताई मोजायची ती त्याच माणसांनी लिहून दिलेल्या आकड्यांवर. आकडे लिहिणाऱ्यावरचा विश्वास उडाला की भागिले करायला खाली काही उरतच नाही.

पुढचे पर्याय शोधायला नेमलेल्या डीएसपी मेरिल लिंच या गुंतवणूक बँकेला हिशेबात गडबड दिसायला काही दिवसच पुरले. त्यांनी अंग काढून घेतलं आणि शेअर बाजारांना कळवलं.

पत्रातले आकडे आणि बाहेरून न दिसणारं

राजूंनी पत्रात लिहिलेलं थोडक्यात असं. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोकड आणि बँकशिल्लक ५,३६१ कोटी दाखवली होती, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ३७६ कोटींचं जमा व्याज काल्पनिक. येणी ४९० कोटींनी फुगवलेली. १,२३० कोटींचं देणं दाखवलेलंच नाही. त्या तिमाहीचं उत्पन्न २,७०० कोटी सांगितलं, खरं २,११२ कोटी. परिचालन नफा (मूळ धंद्यातून सुटणारा) ६४९ कोटी सांगितला, खरा ६१ कोटी. म्हणजे २४ टक्क्यांच्या जागी तीन. मेटास व्यवहार म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणून ठेवण्याचा शेवटचा प्रयत्न होता, हेही त्यांनीच लिहिलं. वाघावर बसलोय, पण खाली कसं उतरायचं ते कळेना, ही त्यांची उपमा तेव्हा फार गाजली.

यातलं कुठलं गुणोत्तर काढून हे सापडलं असतं? लोक सांगतात की ठेवींवरचं व्याज ठेवींशी ताडून पाहा. चांगली कसोटी आहे, मी आजही लावतो. पण इथे व्याजही कागदावरच लिहिलं होतं, ते ठेवींशी जुळवूनच. नफ्याचं प्रमाण संशय यावा इतकं जास्त नव्हतं. इन्फोसिसपेक्षा कमीच होतं. वाढ क्षेत्राच्या चालीनेच होत होती. खोटं सांगणाऱ्याने शेजाऱ्यांची उंची पाहूनच आकडे शिवले होते.

सीबीआयला तपासात ७,५६१ बनावट बिलं सापडली, रक्कम पाच हजार कोटींच्या पुढे. खऱ्या ग्राहकांच्या नावाने ती कंपनीच्या बिल यंत्रणेत घुसवली होती आणि आतल्या कर्मचाऱ्यांनाही दिसू नयेत अशी सोय केली होती. बँकेतल्या पैशांची गोष्ट त्याहून साधी. ऑडिटरने बँकेला स्वतः पत्र लिहून शिल्लक विचारायची आणि बँकेचं उत्तर थेट आपल्या पत्त्यावर मागवायचं, हा लेखापरीक्षणातला पहिला धडा. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ च्या निवाड्यात नोंदवलं की सत्यमचे ऑडिटर असलेल्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतीय संस्थांनी हे पत्र पाठवणं आणि उत्तर गोळा करणं दोन्ही सत्यमच्याच व्यवस्थापनावर सोपवलं होतं. तपासणारा तपासल्या जाणाऱ्यालाच म्हणतोय, की जरा बँकेत विचारून ये. हे घरबसल्या भागधारकाला कसं कळावं?

एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू बंधू, तेव्हाचे वित्तप्रमुख, दोन ऑडिटर आणि इतर मिळून दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच महिन्यात शिक्षेला स्थगिती मिळून अपिलावर ते जामिनावर सुटले.

नवे कारभारी

प्रकरणाचा हा भाग फारसा कुणी अभ्यासत नाही. नेतृत्व जोखायला शिकायचं तर मला तो आधीच्या सगळ्याइतकाच कामाचा वाटतो.

सरकारने जुनं मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन आणि मागाहून तरुण दास, टी. एन. मनोहरन, एलआयसीचे एस. बी. मैनाक यांना नेमलं. या मंडळापुढे पहिला प्रश्न पगारांचा होता, खात्यात किती आहे हेच ठाऊक नसताना. त्यांनी बँकांकडून ६०० कोटींची सोय केली, ग्राहक टिकवले आणि तीन महिन्यांत कंपनीचा लिलाव उरकला. १३ एप्रिल २००९ च्या बोल्या पाहा: शेअरमागे पुण्याची टेक महिंद्रा ५८ रुपये, लार्सन अँड टुब्रो ४५.९०, अमेरिकेचे गुंतवणूकदार विल्बर रॉस २०. एकाच मालाला एकाच दिवशी जवळपास तिप्पट फरकाचे भाव, कारण खरे हिशेब कुणाकडेच नव्हते.

टेक महिंद्राच्या हाती आल्यावरही कितीतरी महिने सत्यमचे ऑडिट झालेले आकडे नव्हते. ते सप्टेंबर २०१० च्या अखेरीस आले: २००८-०९ चा तोटा सुमारे ८,१७७ कोटी, २००९-१० चा सुमारे १२५ कोटी. त्या काळात ज्याने शेअर धरून ठेवला, त्याच्यापुढे नफा, गुणोत्तर, वाढ यांपैकी काहीच नव्हतं. कारभारी काय बोलतात आणि काय करतात एवढंच पाहायला होतं. राजूंच्या काळात दर तिमाहीला आकडा वेळेवर आणि नीटनेटका यायचा. नवे लोक पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की अजून हिशेब लागलेला नाही.

ज्या १,२३० कोटींच्या देण्याचा राजूंनी पत्रात उल्लेख केला, ते पैसे आपणच दिले असं म्हणत ३७ कंपन्या पुढे आल्या आणि न्यायालयात गेल्या. नव्या व्यवस्थापनाने ते कर्ज म्हणून मान्य केलं नाही आणि ताळेबंदातून गाळूनही टाकलं नाही. 'तपास प्रलंबित रकमा' म्हणून उचंत खात्यात (निकाल लागेपर्यंत रक्कम बाजूला ठेवायच्या खात्यात) वेगळी ओळ काढून ते दाखवलं, ऑडिटरच्या शेऱ्यासकट. २०१३ मध्ये सत्यमच्या १७ शेअरांना टेक महिंद्राचे दोन या प्रमाणात विलीनीकरण पुरं झालं. विलीन झालेल्या कंपनीच्या ताळेबंदातही ती ओळ तशीच आली.